नाकावरचा राग कसा जपावा

आपल्या नाशिकचं नावच नाकावरून पडलंय असं म्हणतात. शूर्पणखा पंचवटीत आली, स्वतःहून लग्नाची मागणी घातली, दोन्ही भावांनी तिला इकडून तिकडे टोलवली, मग ती चिडली आणि सीतेवर धावून गेली, आणि लक्ष्मणाने तिचं नाक उडवलं. तर मंडळी, नियम तेव्हापासूनचा आहे. बाई चिडली की नाक जातं, पुरुष चिडला की नाक वर होतं. हे ज्याला कळलं त्याचा संसार सुखाचा.

तुमचं आत्ताच लग्न झालं असेल, पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला असेल, हप्ता चालू असेल, तर माझ्यासारख्या बारा वर्षं मुरलेल्या नवऱ्याचं ऐका. राग ही बचतीची गोष्ट आहे. दिवसभर साठवायचा आणि घरीच खर्च करायचा. अंबडला कंपनीत साहेब पंधरा जणांसमोर म्हणाला, "डोकं घरी ठेवून येता का हो?" तर तिथे हसायचं, हो सर बघतो सर म्हणायचं. द्वारकाला पंचवीस मिनिटं गाडी अडकली, वरून हवालदाराने बाजूला घेतलं, तर तिथे पण आवाज चढवायचा नाही, साहेब जाऊ द्या ना साहेब एवढंच. असं करत करत तीन जिने चढेपर्यंत राग मस्त पिकतो. मग दार उघडायला तिला जेवढे सेकंद लागले तेवढे मोजायचे आणि तिथून सुरुवात.

काही लोक म्हणतात राग आला की माणसाचं भान जातं. हे वाक्य पाठ करून ठेवा, फार उपयोगाचं आहे, "राग आला की मला काही सुचतच नाही." फक्त बोलताना आजूबाजूला कोणी बारीक नजरेचं माणूस नाही ना ते बघा. कारण आमच्याकडे काय व्हायचं, ओरडायच्या आधी मी बाल्कनीची स्लाइडिंग लावून घ्यायचो, शेजारच्या काकू संध्याकाळी तिथेच लसूण सोलत बसतात म्हणून. आणि फेकायला हातात काय यायचं तर तिचा मोबाइल, तिचा चहाचा कप, तिच्या माहेरून आलेली फुलदाणी. माझा फोन कधीच नाही, टीव्ही तर नाहीच, त्याचे अजून सात हप्ते बाकी होते. भान गेलेल्या माणसाला एवढा हिशोब कसा जमतो हे बायकोने एकदा विचारलं होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही. प्रश्न अवघड असला की ताटावरून उठायचं हे पण लिहून ठेवा.

अबोला धरता येणं ही पुढची पायरी. त्यात खर्च काहीच नाही. दोन दिवस तोंड पाडून फिरायचं, पोराला मध्ये घालून बोलायचं, "आईला सांग माझा शर्ट कुठंय." ती आपोआप विचार करत बसते की आपलं काय चुकलं, आणि खरं सांगू का, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपल्यालाच आठवत नाही काय चुकलं होतं ते. पण आपण सांगायचं नाही.

पैशाचं तर विसरूच नका. ती कमावते, हरकत नाही, आपण पुढारलेले लोक आहोत. फक्त एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवायचं, तिला पिन लक्षात राहत नाही असं चारचौघात कौतुकाने सांगायचं. मग भाचीच्या बारशाला पाचशे रुपये तिने आपल्याकडे मागितले की दोन मिनिटं टीव्ही बघत बसायचं. या दोन मिनिटांत जे आहे ना ते ओरडण्यात नाही.

इथे एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. आपल्याला वाटतं हात उचलला नाही म्हणजे आपण सुटलो. तसं नाहीये भाऊ, त्यात घालूनपाडून बोलणं, अपमान, बाईच्या हक्काचे पैसे अडवणं, सगळं हिंसेतच धरलंय. आणि "चालती हो माझ्या घरातून" हे जे आपलं ठेवणीतलं वाक्य आहे ते पण गेलं कामातून, फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर असला तरी तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. मला हे बायकोच्या मैत्रिणीकडून कळलं. मैत्रिणी कमी करा.

सॉरी म्हणायची वेळ आली तर? म्हणायचंच नाही. रविवारी सकाळी गाडी काढायची, मिसळ खायला न्यायचं, रस्सा, पापड, दही सगळं समोर आलं की म्हणायचं, "अगं, पाव अजून मागव की." झाली माफी. ती पण गप खाते, तर्री झोंबली म्हणून डोळे पुसते. तर्रीच असते ती, जास्त खोलात जायचं नाही. सिरियलमध्ये नाही का, हिरो चिडून भिंतीवर मूठ आपटतो आणि हिरोइन येऊन त्याच्याच हाताला हळद लावते, भिंतीला कोण विचारतं.

आणि समजा पुढेमागे काही बिघडलंच, तर खापर कुठे फोडायचं याची सोय इतिहासाने करून ठेवलीय. गंगापूर रोडने जाता-येता आनंदवल्ली लागते ना, ते राघोबादादांनी बायकोच्या नावाने दिलेलं नाव. केवढं प्रेम! ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. देहान्त प्रायश्चित्त रामशास्त्रींनी सांगितलं ते राघोबादादांना, पण अडीचशे वर्षं झाली, शाळेतल्या पोराला विचारा, ध चा मा कोणी केला? आनंदीबाईने. म्हणजे पेशवाईची गादी हवी होती त्या माणसाला साधं "धरावे" म्हणायचं होतं, बायकोने घोळ घातला. एवढी भक्कम परंपरा पाठीशी असताना आपली भाजी खारट झाली तर दोष कोणाचा हे काय सांगायला पाहिजे.

आता माझ्याकडची परिस्थिती. प्रामाणिकपणे सांगतो कारण सल्ला देणाऱ्याने लपवू नये. घरातले काचेचे कप एकेक करून गेले, फुलदाणी गेली, मग मागच्या दिवाळीत बायको मेन रोडवरून सगळी भांडी स्टीलची घेऊन आली. कार्ड तिने बँकेतून नवीन काढून घेतलं होतं, मला न विचारता. मी म्हटलं बघतो. परवा आमटीवरून तोंड लागलं आणि मी ताट भिरकावलं.

काचेचं बरं असतं हो, खळ्कन होतं, विषय संपतो, कोणीतरी झाडू आणायला उठतं. स्टीलचं ताट टाइल्सवर पडलं, ठण् झालं आणि कडेवर उभं राहून जे गोल फिरायला लागलं ते थांबेचना. वूंऽऽवूंऽऽवूंऽऽ. त्या आवाजात ओरडावं तर ऐकू जात नाही, खाली बसावं तर कसं दिसतं, म्हणून मी हात तसाच वर धरून, डोळे वटारून उभा. बायको भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, फक्त हात थांबवला. ताट हळूहळू खाली बसत गेलं, वूं वूं वूं, आणि शेवटी चूप झालं.

"पप्पा," पोरगं वहीतून डोकं वर काढून म्हणालं, "मोजता मोजता चुकलं माझं. परत टाका ना."