डिलनच्या अडगळीतली गाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक जुना श्रोता’ या नावानं तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया नीट वाचली. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनच्या दुर्लक्षित गाण्यांवरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतली आहे. इतरांनी ती वाचली नसेल, म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. १९७५ नंतरचा डिलन म्हणजे अधूनमधून लागलेला मटका. जी गाणी त्यानं स्वतः अल्बममधून काढून टाकली, ती आम्ही भक्तमंडळी उकिरडा उपसून वर काढतो आणि डोक्यावर घेऊन नाचतो. ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ या गाण्याचे गोडवे तर सगळेच समीक्षक गातात, मग ते दुर्लक्षित कसं? सहाशेच्या वर गाणी लिहिणाऱ्याची काही हुकणारच, त्याचा एवढा गाजावाजा कशाला? आणि शेवटी आव्हान : मला टाकाऊ वाटलेलं एक तरी नाव मी घेऊन दाखवावं.

नावं शेवटी घेतो. आधी तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा.

कलाकारानं बाजूला ठेवलं ते बाजूलाच राहू द्यावं, हा नियम ऐकायला रास्त वाटतो. आता तो डिलनला लावून बघा. ‘टाइम आउट ऑफ माइंड’साठी त्यानं ‘मिसिसिपी’ हे गाणं वेगवेगळ्या ढंगांत गाऊन पाहिलं. १९९७ मध्ये अल्बम आला, त्यात ते नव्हतं. पुढच्याच वर्षी ते गायिका शेरिल क्रोच्या अल्बमवर तिच्या आवाजात ऐकू आलं. मग २००१ मध्ये डिलननं ते नव्यानं गाऊन ‘लव्ह अँड थेफ्ट’वर घेतलं, तेही थेट दुसऱ्या क्रमांकावर. आज त्याच्या उतारवयातल्या उत्तम गाण्यांची यादी करताना हे वगळणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तुमचा नियम १९९८ मध्ये पाळायचा तर ‘मिसिसिपी’ टाकाऊ ठरतं आणि २००१ मध्ये अचानक उत्तम ठरतं. गाणं तेच. त्याच रेकॉर्डिंगच्या वेळचं ‘रेड रिव्हर शोअर’ इतकं नशीबवान निघालं नाही. ते २००८ मध्ये ‘बूटलेग सीरीज’ या त्याच्या अप्रकाशित रेकॉर्डिंगच्या मालिकेतून बाहेर आलं, म्हणजे अकरा वर्षं पडून होतं.

गाणं चांगलं आहे की नाही, यावर डिलनची निवड ठरतच नाही, असं माझं मत आहे. त्या दिवशी, त्या वादकांबरोबर ते ‘बसलं’ की नाही, एवढंच तो बघतो. नाही बसलं तर दुरुस्त करत न बसता पुढचं गाणं घेतो. भरमसाट लिहिणाऱ्याला हे परवडतं, कारण पुढचं गाणं खिशात तयार असतं. दुर्लक्ष सुरू होतं ते इथूनच, आणि सुरुवात खुद्द कर्त्याकडून होते.

आता ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’. ते आज प्रसिद्ध आहे हे मी लेखातच म्हटलं होतं. दाखला म्हणून ते घेतलं ते त्याच्या प्रवासासाठी. १९८३ चा वसंत, न्यूयॉर्कचा पॉवर स्टेशन स्टुडिओ, ‘इन्फिडेल्स’चं काम चालू. निर्मितीला मार्क नॉफ्लर, तालाला जमैकाचे स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर, गिटारवर पूर्वी रोलिंग स्टोन्समध्ये असलेला मिक टेलर. असा फौजफाटा दिमतीला असताना जे रेकॉर्डिंग पुढे जगानं ऐकलं, त्यात माणसं दोनच : डिलन पियानोवर आणि नॉफ्लर गिटारवर. पियानो सफाईदार नाही. डिलन कडव्याच्या शेवटाकडे येतो तसा पट्ट्यांवरचा हात जड होत जातो, आणि गिटार त्याला अजिबात आडवी येत नाही. चाल ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ या जुन्या गाण्याच्या वळणाची. जळणारे मळे, चाबकाचे फटके, मॅग्नोलियाच्या फुलांचा गोड वास आणि गुलामांच्या जहाजांची भुतं हे सगळं एकाच कडव्यात येतं. प्रत्येक कडवं संपतं ते एकाच कबुलीवर : ब्लाइंड विली मॅक्टेलसारखे ब्लूज कुणालाच गाता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचा एवढा इतिहास डोळ्यांसमोरून नेणारा गवई दर वेळी सांगतो की, हे काम माझं नव्हे. खरा मॅक्टेल अमेरिकेतल्या जॉर्जियाचा ब्लूज गायक, बारा तारांची गिटार वाजवणारा, १९५९ मध्ये वारला. त्याचा आवाज तर हलका, गोडसर. भीषण गोष्टींच्या शेवटी नेमकं त्याचं नाव यावं, यातच गाण्याची निम्मी ताकद आहे.

हे गाणं काढून अल्बमवर काय ठेवलं? ‘युनियन सनडाउन’. अमेरिकी कारखाने आणि बाहेरून येणारा स्वस्त माल या विषयावरचं वर्तमानपत्री गाणं. नॉफ्लर त्याच्या बँडच्या दौऱ्यावर गेला आणि शेवटचा हात डिलननं एकट्यानं फिरवला. १९९१ मध्ये ‘बूटलेग सीरीज’चा पहिला संच आला तेव्हा कुठे हे गाणं अधिकृतपणे मिळू लागलं. आठ वर्षं! १९९३ मध्ये डिलनच्या जुन्या साथीदारांच्या ‘द बँड’नं ते गायलं, आणि खुद्द डिलन रंगमंचावर गाऊ लागला तो १९९७ पासून.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. २००६ च्या एका मुलाखतीत डिलन म्हणाला की, ते रेकॉर्डिंग बहुधा वादकांना दाखवण्यापुरतं केलेलं होतं, गाणं पुरं करायचं राहूनच गेलं, आणि ‘द बँड’ला ते गाताना ऐकलं म्हणून आपण ते गायला लागलो. बघा म्हणजे! आपलंच गाणं दुसऱ्यांकडून ऐकल्यावर त्याला उमगलं. अशा माणसाच्या कात्रीला अंतिम निकाल कसा मानायचा?

१९७५ नंतर फक्त अधूनमधून लागलेला मटका, हा तुमचा दुसरा दावा. त्यावर वाद घालण्यापेक्षा त्याचं आत्मचरित्र उघडा. ‘क्रॉनिकल्स’चा पहिला खंड २००४ मध्ये आला. न्यूयॉर्कमधल्या सुरुवातीच्या दिवसांखेरीज त्यात दोन अल्बमच्या नावांची प्रकरणं आहेत : १९७० चा ‘न्यू मॉर्निंग’ आणि १९८९ चा ‘ओ मर्सी’. ज्या १९६५-६६ च्या अल्बमवर आपण सगळे पोसलो, त्यांच्या वाट्याला प्रकरण नाही. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’च्याही नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये निर्माता डॅनिएल लॅन्वासोबत ‘डिग्निटी’ हे गाणं जमवताना झालेली रात्रभराची झटापट मात्र तो पानंच्या पानं सांगतो. आणि मौज अशी, की ते गाणं ‘ओ मर्सी’वर नाहीच. ‘सीरीज ऑफ ड्रीम्स’ही नाही. लोकांनी ठरवलेलं शिखर आणि त्याला सांगावंसं वाटलेलं काम यांचा फारसा संबंध नाही. माझ्यासारख्यांच्या हाती डिलन पहिल्यांदा आला तो ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या कॅसेटमधून, त्यामुळे त्याचा नकाशाही आपण त्या कॅसेटपुरताच आखून ठेवला.

‘नॉक्ड आउट लोडेड’वरून तुम्ही मला फैलावर घेतलंत. १९८६ चा तो अल्बम वाईट आहे, हे मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्यांची गाणी, त्यात गांधी, ख्रिस्त आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचं एक गाणं लहान मुलांच्या कोरससकट. प्रेमानं ऐकायला बसलं तरी चुळबूळ होते. पण त्याच अल्बममध्ये जवळपास एक तृतीयांश वेळ एकट्या ‘ब्राउन्सव्हिल गर्ल’चा आहे. आमटी खारट झाली म्हणून कुणी ताटातली पुरणपोळी उकिरड्यावर टाकत नाही.

नाटककार सॅम शेपर्डबरोबर लिहिलेलं हे अकरा मिनिटांचं गाणं. एक माणूस हॉलिवूडचा नट ग्रेगरी पेक याचा एक वेस्टर्न सिनेमा आठवायचा प्रयत्न करतोय. त्यात कुणी पोरगं पेकला पाठीत गोळी घालतं, एवढं त्याला आठवतं. सिनेमा आठवता आठवता एक जुनी मैत्रीण आठवते, मग टेक्ससचा रस्ता, मग अंगणात कपडे वाळत घालणारी, तांबडे केस मागे बांधलेली रूबी. ते घर हेन्री पोर्टरचं, आणि त्याच्याबद्दल खात्रीनं माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे त्याचं नाव हेन्री पोर्टर नव्हतं. मागच्या गायिका नुसता सूर भरत नाहीत, त्याच्या बोलण्यावर मधूनच ‘हो का?’ छापाचे शेरेही मारतात. शेवटी पुन्हा तोच सिनेमा. आठवण कशी सरकते, घसरते, स्वतःलाच फसवते, हे मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात इतकं ऐकलेलं नाही. ते तुम्ही वाईट अल्बमच्या शेजाराची शिक्षा म्हणून नाकारणार असाल, तर नुकसान माझं नाही. १९९७ मध्ये वॉशिंग्टनला केनेडी सेंटरचा सन्मान डिलनला मिळाला तेव्हा त्याच्याविषयी बोलायला खुद्द ग्रेगरी पेक उभा राहिला, आणि त्यानं या गाण्याची आठवण काढली.

‘स्ट्रीट-लीगल’बद्दल दोनच वाक्यं. १९७८ च्या मूळ अल्बमचा आवाज चिखलात बुडवल्यासारखा आहे, ही तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. १९९९ मध्ये पुन्हा मिक्स केलेला ऐका, मग त्यातल्या ‘सेन्योर’ या गाण्याबद्दल बोलू.

‘एवढा गाजावाजा कशाला?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९२ आणि १९९३ च्या दोन अल्बममध्ये आहे, ज्यांचा तुम्ही उल्लेखही केला नाही. ‘गुड अ‍ॅज आय बीन टू यू’ आणि ‘वर्ल्ड गॉन राँग’. मॅलिबूच्या घरातल्या गॅरेजमध्ये एकटा डिलन, गिटार, हार्मोनिका आणि जुनी लोकांची गाणी. स्वतःचं एकही नाही. १९९० नंतर त्याच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला तो १९९७ मध्ये, आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. सगळे म्हणाले, डिलन परतला. परतला तो या गॅरेजमधून. तिथे त्यानं गायलेलं ‘ब्रोक डाउन एंजिन’ ऐका : फाटका आवाज, गिटारवर मुद्दाम खरखरीत ठेवलेला हात. आणि हे मूळ गाणं कुणाचं? ब्लाइंड विली मॅक्टेलचं. दहा वर्षांपूर्वी ज्याच्यासारखं कुणालाच गाता येत नाही म्हणून सांगितलं आणि ते सांगणारं गाणं कपाटात टाकलं, त्याच्याच दाराशी तो शिकायला बसलेला दिसतो. मधली वर्षं टाकाऊ म्हणून वगळलीत तर ही वाट दिसणारच नाही.

आता टाकाऊ नावं. १९८८ चा ‘डाउन इन द ग्रूव्ह’, जवळजवळ सगळा. १९८९ चा, ‘ग्रेटफुल डेड’ या बँडबरोबरचा ‘डिलन अँड द डेड’, ज्यात दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसल्यासारख्या वाजवतात. पण १९९० च्या ‘अंडर द रेड स्काय’ला तुम्ही त्याच रांगेत बसवलंत, तिथे आपलं जमणार नाही. सुरुवातीचं ‘विगल विगल’ खुशाल सोडून द्या. ‘बॉर्न इन टाइम’ मात्र ऐकाच, आणि ऐकून झालं की त्याच गाण्याचं ‘ओ मर्सी’च्या वेळचं रेकॉर्डिंग लावा. ते त्यानं तेव्हा अल्बममधून वगळलं होतं. दोहोंत कुठलं सरस, ते खाली लिहा. मी वगळलेल्याच्या बाजूनं आहे.