टॉर्चवर काच लावून प्रकाशाला पीळ बसत नाही

आमच्या यवतमाळकडील शेतकरी गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे किरण स्क्रूसारखे पिळले, यालाच ध्रुवण म्हणतात, टॉर्चवर पोलरॉइड काच लावली की हाच प्रकाश मिळतो आणि टॉवरशिवाय गावात अमर्याद इंटरनेट येते.’

किरण पिळले जात नाहीत. अशा झोतात पीळ असतो तो तरंगाग्राला, म्हणजे तरंगाचे एकाच टप्प्यावरचे बिंदू जोडणाऱ्या पृष्ठभागाला. झोत सरळच जातो. ध्रुवण ही त्याहून निराळी गोष्ट, म्हणजे प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राच्या कंपनाची दिशा. घोटाळा मात्र समजण्याजोगा आहे, कारण वर्तुळ-ध्रुवित प्रकाशही (ज्यात कंपनाची दिशा गोल फिरत राहते) कोनीय संवेग, म्हणजे वस्तूला फिरवू शकणारा संवेग, वाहतो, हे भौतिकशास्त्रज्ञ बेथ यांनी १९३६ मध्ये प्रयोगाने मोजले. पिळाच्या झोताचा संवेग वेगळा असून तो ॲलन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडला.

खरी चूक काचेबाबत आहे. पोलरॉइड साऱ्या झोतातून एकच कंपनदिशा निवडतो आणि टॉर्चचा निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या काही झोतांत मात्र ही दिशा बिंदूगणिक बदलते. बैलगाडीचे जुने लाकडी चाक आठवावे (आता गाड्यांना रबरी टायर आले, ते असो): कंपने आऱ्यांच्या दिशेने असली तर ध्रुवण त्रिज्य, धावेला धरून असली तर स्पर्शीय. तुंब्याच्या जागी, म्हणजे मध्यभागी, साऱ्या दिशा एकत्र येतात, कोणतीच ठरत नाही, म्हणून तिथे अंधार असतो. यासाठी व्यवहारात लेसर आणि जागोजागी अक्ष फिरलेली अर्धतरंग पट्टिका (कंपनदिशा वळवणारी पातळ पारदर्शक चकती) वापरतात; आडव्या ध्रुवणाचा झोत तिच्यातून जाताना, जिथे अक्ष ३० अंश कललेला असतो तिथे कंपनदिशा ६० अंश वळते.

राहिले इंटरनेट. २०१४ मध्ये व्हिएन्ना शहरावरून पीळ असलेल्या प्रकाशझोतांचे नमुने ३ किलोमीटर पाठवले गेले, हे खरे. परंतु मे महिन्यात काळ्या मातीवरून उठणाऱ्या झळांमध्ये हवेची घनता क्षणोक्षणी बदलते. त्यात ध्रुवणाची दिशा फारशी बिघडत नसली, तरी झोताचा नमुना विस्कटतो. शिवाय दोन्ही टोके एकमेकांना थेट दिसावी लागतात, म्हणजे उंच खांब आलाच. आणि नमुना जितका गुंतागुंतीचा, तितका तो अधिक पसरत असल्याने ‘अमर्याद’ हा शब्दही टिकत नाही.

पोलरॉइड काच हाताशी असेलच, तर ती शेततळ्यासमोर तिरप्या नजरेने धरून फिरवावी. एका स्थितीत चकाकी मावळून तळाचे प्लॅस्टिक दिसू लागते, कारण पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश आधीच बराचसा ध्रुवित असतो.