शेवटची एसटी किती वाजता आहे?

आमच्या कोकणातल्या कॉलेजात एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, प्रवेशाला आलेल्या प्रत्येक मुलाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते. टक्के नंतर, आवड नंतर. आधी सांग, तुझ्या वाडीला जाणारी शेवटची गाडी किती वाजताची?

हा प्रश्न मला एका मुलीने शिकवला, आणि तिला त्याची मोठी किंमत मोजावी लागली. बरीच वर्षं झाली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधून ती दर वेळी पावणेचारला उठायची. टायट्रेशन अर्धं टाकून, न विचारता, मान खाली घालून. मी तिची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, होते. डायरीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘अनियमित. लक्ष नाही.’ वर्ष संपत आलं तेव्हा तिची काकी कॉलेजात आली आणि सहज बोलता बोलता म्हणाली, चार वाजून दहाची गाडी चुकली तर फाट्यापर्यंतसुद्धा काही मिळत नाही, आणि फाट्यावरून पुढे घाटी चढून जायचं. पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, भरून आला की तेही नाही. मी वर्षभरात तिला एकदाही विचारलं नव्हतं. एसवायला ती आली नाही. ‘अनियमित’ हा शब्द आजही त्या डायरीत माझ्याच अक्षरात आहे.

आज माझ्याकडे सल्ल्यासाठी ६४ मुलं आहेत. कोणी खाडीपलीकडून फेरीबोटीने येतं, कोणी दोन एसट्या बदलून. आपल्याकडे ‘मेंटॉर-मेंटी’ म्हटलं की लोकांना कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाईल आठवते. मला ती फाईल नको असं नाही. पण त्या फाईलमध्ये मुलाचे मार्क असतात, मोबाईल नंबर असतो, आणि त्याचं घर मात्र नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की घर ठाऊक नसताना दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे.

कोकण बोर्ड २०१२ साली सुरू झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला आहे. २०२५ च्या बारावीला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, आपला ९६.७४. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घरांत पुढच्या पंधरा दिवसांत जे बोलणं होतं, ते मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. मावशी विरारला आहे, तिच्याकडे ठेवू. मामा म्हणतो हॉटेल मॅनेजमेंट कर. पोरगी नर्सिंगला जाऊ दे, लगेच नोकरी लागते. यातलं काहीच वाईट नाही. फक्त यात मुलाला कोणी विचारलेलं नसतं, आणि जे मूल इथेच कॉलेजला येतं त्याला वाटत राहतं की आपण मागे उरलो. ते डोक्यातून काढण्यातच माझा एफवायचा पहिला महिना जातो.

आता तर निवडायचं ओझं आणखी वाढलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे कोर्स, आणि या सगळ्या अभ्यासाचं माप म्हणजे क्रेडिट. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. मला ही कल्पना फार आवडते; कॉमर्सच्या मुलाने समुद्री जीवांबद्दल शिकावं यापेक्षा कोकणात चांगलं काय? पण प्रत्यक्षात प्रवेशाच्या खिडकीपाशी काय होतं? मैत्रिणीने जो घेतला तोच. किंवा ज्याचं लेक्चर सकाळी असतं तो. समोर उभी आई म्हणते, “मॅडम, आमाला यातलं काय कलत नाय, तुमीच काय ता सांगा.” तिच्या मागे तीस जणांची रांग. तीन मिनिटांत मी तिच्या मुलाची तीन वर्षं कशी सांगू?

पालकसभेचंही तसंच. आपण ती डिसेंबर-जानेवारीत ठेवतो आणि कोणी येत नाही म्हणून पालकांना नावं ठेवतो. अहो, त्या दिवसांत बागायतदार मोहोरावर फवारणी करत असतो आणि दर्यावरचा माणूस दर्यावर असतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा बाप घरी असतो. त्याला तेव्हा बोलवा, तो येतो. आंबेवाला मृग बरसला की मोकळा होतो. चाकरमानी बाप गणपतीला आणि शिमग्याला गावात असतो. मी तीन वर्षांपूर्वी माझ्यापुरत्या या भेटी अशा लावल्या. एक तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, चाळीस मिनिटं माझ्यासमोर बसला. मुलाचं मेजर काय हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. जाताना म्हणाला, मला वाटलं फी भरायला बोलावलंय.

मार्गदर्शन केल्याने काय होतं, असं स्टाफरूममध्ये कोणी विचारलं की मी माझ्या एका बीकॉमच्या मुलीचं सांगते. फील्ड प्रोजेक्टला काय घेऊ, म्हणून आली होती. तिला शहरातल्या एखाद्या बँकेचा विषय हवा होता, कारण तो ‘चांगला दिसतो’. मी विचारलं, घरी काय आहे? म्हणाली, काही नाही, थोडी आंब्याची कलमं आहेत. मग आम्ही दोघींनी बसून प्रश्न काढले. फवारणीचा खर्च किती, राखण किती, काढणीची मजुरी, रिकामी पेटी, भाताचं गवत, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं, दलाली, तोलाई. बाजारात किती पेट्या गेल्या आणि किती माल किलोवर कॅनिंगला गेला. बापाने हे कधी लिहूनच ठेवलेलं नव्हतं; सगळं तोंडी, आणि वर्षाच्या शेवटी हातात उरेल ते. मुलीने आपल्या आणि शेजारच्या घरांचा हिशेब मांडला. कोणत्या आठवड्यानंतर वाशीला पेटी पाठवणं परवडत नाही, हे तिच्या बापाला तिच्या वहीतून कळलं. त्या प्रोजेक्टला क्रेडिट फक्त २ होते. पण ‘घरी काही नाही’ म्हणणारी ती मुलगी नंतर ते वाक्य माझ्यापुढे पुन्हा कधी बोलली नाही.

ऑन द जॉब ट्रेनिंगचंही असंच करता येतं. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. मुंबईतल्या मुलाला ऑफिसं शोधायला लोकल आहे. आमच्या मुलांना रासायनिक कारखान्यांची लोटे एमआयडीसी जवळ असेल तर केमिस्ट्रीचं भागतं, बाकीच्यांनी काय करायचं? पतसंस्था आहे, विकास सोसायटी आहे, काजू कारखाना आहे, कलमांची रोपवाटिका आहे, मिरकरवाडा बंदरावर मासळीचा व्यवहार आहे. पण हे जुळवून द्यायला कोणीतरी बसावं लागतं, फोन करावे लागतात, एसटीचं वेळापत्रक पुढे ठेवावं लागतं. हे काम माझ्या टाइमटेबलात कुठेच नाही. लेक्चर संपवून, पेपर तपासून, उरलेल्या वेळात करायचं. म्हणून मी सगळ्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना कळकळीने सांगते, मुलांशी बोलण्याचे तास कार्यभारात धरा. आठवड्याला चार तास द्या. वर्गात शिकवण्याइतकंच ते शिकवणं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवते ते म्हणजे सोडून जाणारी मुलं. पूर्वी सोडलं की सुटलं. आता नियम वेगळा आहे आणि तो घराघरात पोचलेला नाही. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलाच्या नावाच्या डिजिटल खात्यात, जमा राहतात. मधे थांबलेल्या मुलाला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करता येते. त्यामुळे मार्चमध्ये ‘मॅडम, मी मुंबईला चाललो’ म्हणणाऱ्या मुलाला मी आता थांबवायची शर्थ करत नाही. घरी कर्ज असतं, बाप आजारी असतो, ते मला बदलता येत नाही. मी फक्त म्हणते, एप्रिलची परीक्षा देऊन जा. सेमिस्टर पुरं कर. दार ओढून घे, कडी लावू नकोस.

असाच एक मुलगा एफवायचे ४४ क्रेडिट पुरे करून गेला. भिवंडीला गोदामात लागला. त्याच्या क्रेडिटच्या खात्याचा आयडी, मार्कशीटची झेरॉक्स आणि परत येण्याची शेवटची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली होती, आणि अधूनमधून त्याला ती तारीख मेसेज करत होते. तो उत्तर द्यायचा नाही.

परवा रात्री त्याचा फोन आला. बापाचं ऑपरेशन पार पडलं, धाकटा भाऊ कामाला लागला. म्हणाला, मॅडम, अजून चालेल ना? मी वही उघडली. चालेल. गणपतीला गावी येतोय, तेव्हा आईला घेऊन कॉलेजात ये म्हटलं. मग आठवलं म्हणून विचारलं, तुमच्याकडची ती साडेचारची गाडी अजून आहे का रे? म्हणाला, बघून सांगतो.