अमेरिकेत तरी कुठे विचारतात?

एखादी आयटी कंपनी दुसरीने विकत घेतली की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेले मेसेज सुरू होतात, प्रमोटर पैसे घेऊन मोकळा, छोट्या शेअरहोल्डरला कुत्रं विचारत नाही, अमेरिकेत असं चालत नाही. अहो मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून सांगतो, चालतं, आणि अगदी बिनबोभाट चालतं.

ब्रॉडकॉम या चिप कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली तेच बघा. व्हीएमवेअरच्या शेअरमागे 142.50 डॉलर कॅश नाहीतर ब्रॉडकॉमचे 0.2520 शेअर, काय हवं ते सांगा. पण एकूण वाटप निम्मं कॅश निम्मं शेअर असं आधीच ठरलेलं, त्यामुळे ज्यांनी सगळे शेअरच मागितले त्यांच्याही गळ्यात बरीच कॅश पडली, वर त्यावर टॅक्स. मला विकायचंच नाही, असा ऑप्शन फॉर्मवर नसतोच. बहुमताने मर्जर पास झालं की नको म्हणणाऱ्याचेही शेअर जातात, संपला विषय.

आपल्याकडे लिस्टेड कंपनीत घेणाऱ्याच्या हिश्श्याने 25 टक्क्यांची रेषा ओलांडली की सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक, किमान 26 टक्क्यांची ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या शेअरहोल्डरांचे शेअर घ्यायची जाहीर ऑफर, द्यायला लावते, आणि भाव हिस्सा विकणाऱ्या मोठ्या पार्टीला दिला त्यापेक्षा कमी चालत नाही. इथे अमेरिकेत असा नियमच नाही! 2019 मध्ये एल अँड टीने माइंडट्री ही आयटी कंपनी घेतली तेव्हा कॅफे कॉफी डेवाल्या व्ही. जी. सिद्धार्थांच्या 20 टक्के हिश्श्याला 980 रुपये, ओपन ऑफरलाही 980. माइंडट्रीच्या संस्थापकांचा कडाडून विरोध होता, ते गेले तर चांगली माणसं जातील, मग क्लायंट जातील, ही सगळ्यांची धास्ती, आणि ती काही उगाच नव्हती कारण त्याच वर्षी शेअर 800 च्या खाली आला. पण 2021 मध्ये तोच 4000 च्या वर गेला. ज्याला 980 ला निघायचं होतं तो ऑफरमध्ये शेअर टाकू शकला, ज्याला थांबायचं होतं तो थांबला. व्हीएमवेअरवाल्याला ही सोयच नव्हती.

माझ्या मते आपण भांडतो ते चुकीच्या जागी. खरी गोची ओपन ऑफरमध्ये नाही, नंतरच्या मर्जरमध्ये आहे. 2022 मध्ये माइंडट्री एल अँड टीच्याच एलटीआय या आयटी कंपनीत विलीन करताना माइंडट्रीच्या 100 शेअरला एलटीआयचे 73 हे गणित ठरलं, आणि अशा स्कीमला मतदानात मूल्याने तीन चतुर्थांश पाठिंबा मिळून एनसीएलटीची, म्हणजे कंपन्यांचे खटले बघणाऱ्या न्यायाधिकरणाची, मंजुरी आली की ती सगळ्यांना लागू. कंपनी कायद्याप्रमाणे त्यावर हरकत घ्यायला शेअरहोल्डरकडे किमान 10 टक्के शेअर लागतात, आता पन्नास-शंभर शेअरवाल्या काकांनी ते आणायचे कुठून? इथे डेलावेअरमध्येही, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कंपन्या जिथे नोंदलेल्या असतात त्या राज्यात, भाव कमी दिला म्हणून लिस्टेड कंपनीविरुद्ध अप्रेझल, म्हणजे कोर्टाकडून योग्य भाव ठरवून, मागायचं तर मागणाऱ्यांचे मिळून 1 टक्क्याच्या किंवा 10 लाख डॉलरच्या वर शेअर असावे लागतात, पण निदान ती अट 10 टक्क्यांपेक्षा खूपच खाली आहे. आपली 10 टक्क्यांची अट उतरवा म्हणून सरकारच्या मागे लागायला हवं, तर ग्रुपवर अजून प्रमोटरने किती कमावले हाच हिशोब चाललाय.