युजर मेमरीचा कोड एक करणं ही हौस नाही

गेले काही दिवस सोलापुरातल्या आम्हा एम्बेडेडवाल्यांच्या (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर काम करणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: लिनक्स कर्नलमधला, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, युजर मेमरी (साध्या प्रोग्रॅमांची मेमरी) वाचण्या-लिहिण्याचा कोड सगळ्या प्रोसेसरांसाठी एक करणं ही नुसती नीटनेटकेपणाची हौस आहे. प्रोसेसर वेगळे, जुना कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला, एकत्र केल्याने वेग जातो, आणि एक चूक झाली की सगळेच बुडतात. माझ्या क्लासमधल्या दोन मुलांना हे पटलंसुद्धा, म्हणून लिहितोय.

प्रोसेसर वेगळे, हे कबूल. कर्नलला चुकून युजर मेमरीला हात लावू न देणारी सोय इंटेलवर स्मॅप, आर्मवर पॅन. आयबीएमच्या एस-३९० वर तर कर्नल आणि युजर यांचे पत्ते मुळातच वेगवेगळ्या अवकाशात. पण २०१७ मध्ये कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत कर्नल विकसक अल व्हायरो यांचं जे काम आलं, त्यात हे फरक पुसलेले नाहीत. प्रत्यक्ष बाइट हलवणारं 'रॉ_कॉपी_फ्रॉम_युजर' ज्या-त्या प्रोसेसरकडेच राहिलं. एकत्र आलं ते त्याच्या भोवतीचं: दिलेला पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का हे तपासणं, आणि कॉपी अर्ध्यावर अडकली तर उरलेली जागा शून्यांनी भरणं. हे नियम चिपप्रमाणे बदलत नाहीत.

'जुना कोड बिनतक्रार चालला' हे मात्र मला फार लागलं, कारण ते साफ खोटं आहे. युजर मेमरीतून एकेक मूल्य वाचणाऱ्या ३२-बिट आर्मच्या 'गेट_युजर' आणि लिहिणाऱ्या 'पुट_युजर'मध्ये हद्दीची तपासणीच राहून गेली होती. इंटेलकडे ती होती. हीच सीव्हीई-२०१३-६२८२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीचा जाहीर नोंद क्रमांक), कर्नल ३.५.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत ती आहे, आणि तिच्या जोरावर अँड्रॉइड फोन रूट केले गेले, म्हणजे त्यांचा पूर्ण ताबा मिळवला गेला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावरचं कापड मोजायला बसवलेला एक जुना आर्म बोर्ड माझ्याकडे पडून आहे, कर्नल त्याच काळातला. मुलांसमोर त्यावर पाइप (प्रोग्रॅमांमध्ये डेटा नेणारी कर्नलची नळी) उघडला, त्यात सात बाइट टाकले आणि 'किती बाइट शिल्लक?' हे सांगणारा एफआयओएनरीड आयऑक्टल, म्हणजे कर्नलला करायची एक विनंती, चालवला. हे उत्तर कर्नल 'पुट_युजर'नेच लिहितो; ते ठेवायला पत्ता दिला तो कर्नलच्या हद्दीतला. लॅपटॉपवर लगेच एरर १४, 'बॅड ॲड्रेस'. बोर्डवर शून्य, म्हणजे काम झालं! साध्या युजरच्या प्रोग्रॅमने कर्नलच्या मेमरीत ७ लिहून ठेवला होता. दोन्हीकडे सी प्रोग्रॅम तोच, बदलला फक्त पत्ता. खोलीत कुणी बोलेना.

हे एकट्या आर्मचं दुखणं नव्हतं. उरलेली जागा शून्यांनी भरायची राहून गेली होती अशा कितीतरी आर्किटेक्चर (प्रोसेसरांच्या जाती) २०१६ मध्ये एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. त्याच वर्षी ४.८ मध्ये हार्डन्ड युजरकॉपी, म्हणजे कॉपी ठरलेल्या जागेबाहेर जात नाही ना हे पाहणारी तपासणी, आली, तीही प्रत्येकाच्या फाइलमध्ये हाताने जोडावी लागली.

वेगाचं म्हणाल तर कॉपीचा असेंब्ली लूप जागच्या जागी आहे, आणि फंक्शन इनलाइन ठेवायचं (त्याचा कोड वापराच्या जागीच पसरायचा) की नाही हे त्या कामात प्रत्येक आर्किटेक्चरवरच सोडलं होतं.

एका चुकीने सगळेच बुडतात, या चौथ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. ४.१३ मध्ये 'वेटआयडी' या सगळ्या प्रोसेसरांना सामाईक सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट) 'ॲक्सेस_ओके'ची, म्हणजे हद्दीच्या तपासणीची, एक ओळ राहून गेली आणि कर्नलमध्ये कुठेही लिहिता येईल असं भोक पडलं: सीव्हीई-२०१७-५१२३. पण दुरुस्तीही एकाच जागी झाली, ४.१४ यायच्या आत. तेव्हा ती तपासणी आठवणीने करणं हे युजर मेमरीत लिहिणारा कोड लिहिणाऱ्यावर सोडलेलं होतं. २०१९ च्या ५.० मध्ये ती 'युजर_ॲक्सेस_बिगिन'च्या, म्हणजे असं लिहिणं सुरू करायच्या फंक्शनच्या, आतच घातली गेली, त्यामुळे आता ती विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.