‘एक गिरगावकर’ यांना उत्तर: गुलमोहर, झेंडू आणि खाल्लेलं पान

नमस्कार.

‘बागेत देशी झाडं लावा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: देशी झाडं ही लँडस्केपवाल्यांची नवी फॅशन आहे, काल पाम लावत होते, आज कदंब लावतात. तुमच्या चाळीच्या अंगणातल्या गुलमोहराला मी ‘परका’ म्हटलं. दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचाच, मग तोही बंद करायचा का? आणि न्यूयॉर्कचे फोटो दाखवून मुंबईत उंच गवत लावायला सांगणं म्हणजे डासांना घर बांधून देणं.

आधी गुलमोहराचं बोलते. ‘परका’ हा शब्द मी मागे घेते. झाड मूळचं मादागास्करचं आहे ही माहिती खरी, पण ज्याच्या पुंकेसरांच्या झुंजी लावत तुमच्या चाळीतली पोरं मोठी झाली, ज्याच्या सावलीत मे महिन्यात पापड वाळले, त्याला परका म्हणायचा मला अधिकार नाही. मूळ गावावरून झाडाची लायकी ठरवायची तर आपलं ताटही रिकामं होईल. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, चिकू हे सगळे अमेरिका खंडातून आले. देवळापुढचा खुरचाफाही तिकडचाच. झेंडूचं तोरण माझ्या दारालाही असतं आणि पुढेही असेल.

माझा मुद्दा तोडण्याचा नव्हताच, नव्याने काय लावायचं याचा होता. तो लेखात नीट मांडला गेला नाही, म्हणून इथे मांडते.

नवं झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारते: याचं पान कोण खाणार? फुलपाखरू मध कुठल्याही फुलावरचा पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडं लागतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालतं. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. रुईवर प्लेन टायगर. ही नाती जुळायला फार मोठा काळ लागतो. बाहेरून आलेल्या अनेक झाडांशी इथल्या किड्यांचं असं नातंच नसतं, आणि नर्सरीवाले नेमकं तेच कौतुकाने सांगतात: ‘मॅडम, याला कीड लागत नाही.’ अरेका पाम सोसायटीवाल्यांना आवडतो तो म्हणूनच. पण चिमण्या दिसत नाहीत म्हणून आपण हळहळतो ना? चिमणी स्वतः दाणे टिपते, पिलांना मात्र अळ्या आणि किडे भरवते. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, तिथे तिने पिलं वाढवायची कशावर?

मुलुंडच्या एका सोसायटीत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, मी लिंबाच्या चार कुंड्या ठेवल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात अळ्या झाल्या. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, ‘झाडांना रोग लागलाय’, आणि मी पोहोचण्याआधी माळ्याकडून औषध मारून घेतलं होतं. कुंडीत पडलेल्या त्या अळ्या मी अजून विसरलेले नाही. पुढच्या वर्षी त्याच कुंड्या मी मुलांच्या झोपाळ्याशेजारी हलवल्या. मुलं रोज अळ्या मोजायला लागली आणि औषधाचा विषय पुन्हा निघाला नाही.

फॅशनबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, आणि मला तुमच्याइतकाच राग येतो. पार्किंगच्या स्लॅबवर दीड फूट माती टाकून त्यात ‘देशी वृक्ष’ म्हणून वड-पिंपळ लावलेले मी पाहिले आहेत. एका चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे साधारण ५०० किलो वजन, त्यामुळे बिल्डर माती वाढवू देत नाही. त्या झाडाच्या मुळांनी जायचं कुठे? असल्या ठिकाणी झुडपंच हवीत: कोरांटी, अबोली, अडुळसा, निर्गुडी. आपल्या हँगिंग गार्डनमध्ये हेच दिसतं. ती बाग मलबार हिलच्या पाण्याच्या टाकीवर उभी आहे आणि कातरलेल्या झुडपांच्या प्राण्यांसाठी ओळखली जाते. मियावाकी पद्धतीचंही तसंच. चौरस मीटरला तीन ते पाच रोपं दाटीने लावणं पडीक तुकड्यावर ठीक, पण जिथे माणसांना बसायचं आहे, मुलांना पळायचं आहे, तिथे त्याचा उपयोग नाही.

आता गवत. न्यूयॉर्कची हाय लाइन मी दाखवली, कारण बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली उघडलेल्या या बागेत डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांनी वाळलेली फुलं आणि गवतंही सुंदर दिसतात हे लोकांना पटवलं. पण ते सौंदर्य तिथल्या हिवाळ्याचं आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि फेब्रुवारीत गवताचा पेंढा होतो. उदाहरण चुकलंच. मी तुम्हाला धारावीशेजारच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्यायला हवं होतं. कचराभूमीवर उभं राहिलेलं ३७ एकरांचं रान आहे ते, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत.

डासांचं मात्र मान्य नाही. डेंग्यूचा डास गवतात वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या आणि गच्चीवरची झाकण नसलेली पिंपं आठवड्यातून एकदा कोरडी करा. हे पाम लावणाऱ्यालाही चुकत नाही आणि कदंब लावणाऱ्यालाही.

शेवटी तुमच्या झाडाविषयी, कारण तुम्ही लिहिलंय की गुलमोहर आता एका बाजूला कलतो आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोडाला अगदी चिकटून काँक्रीट दिसतं. मला खरी काळजी त्याची वाटते. पाणी आणि हवा मिळत नाही, शिवाय गटाराच्या कामात मुळं तोडली गेली असतील तर असं झाड जोराच्या पावसात पडतं आणि दोष मात्र जातीला लागतो. वॉर्डच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करून घ्या आणि पावसाआधी फांद्यांचा तोल बघायला सांगा. फांद्या स्वतः छाटू नका, परवानगी लागते.

आणि मागच्या भिंतीशी जी जागा रिकामी आहे म्हणता, तिथे तामण लावा. एप्रिल-मेमध्ये जांभळा फुलतो, तुमच्या गुलमोहराच्या लालाबरोबरच. खड्डा मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, रोप जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर लावा. रोप मिळालं नाही तर कळवा, माझ्याकडे बियांपासून केलेली सात-आठ आहेत. त्यातलं एक तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते.