'सिसी स्ट्रट' आणि ते चौघे

फंक या ठेक्यावर उभ्या असलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीय नृत्यसंगीताचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे बहुधा गायक जेम्स ब्राउनपासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच थांबते. त्याच्या थोरवीबद्दल माझा काही वाद नाही. परंतु फंकमध्ये वादक एकमेकांशी नेमका कसा व्यवहार करतात हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला मी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या 'द मीटर्स' या बँडची १९६९ सालची 'सिसी स्ट्रट' ही एकच तबकडी आधी ऐकायला सांगतो.

जेमतेम तीन मिनिटांची ही रचना. आरंभीची एक आरोळी सोडली तर तिच्यात गाणारा गळा नाही. लिओ नोसेन्टेलीची गिटार आणि जॉर्ज पोर्टर ज्युनियरचा बेस एकच तुटक सुरावट जोडीने वाजवतात, मध्ये जागा सोडतात आणि पुन्हा तीच सुरावट धरतात. ख्यालगायनात रमणाऱ्या माझ्या एका मित्राने हे ऐकून तक्रार केली की, नुसती अस्थायीच चालू आहे, अंतरा कुठे आहे? दुसरा भाग तिच्यात आहे, पण त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती. मी त्याला एवढेच सुचवले की, तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवरचा लेहरा जसा ऐकतोस तशी ही सुरावट ऐक आणि कान ड्रम्सकडे ठेव.

त्या ड्रम्सवर झिगाबू मॉडेलिस्ट आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमचा, ठोका देऊन मोकळे होण्याची सर्वसाधारण रीत तो पाळत नाही; हाय-हॅट ही झांजांची जोडी, स्नेअर आणि पायाने वाजणारा मोठा बास ड्रम यांच्यात तो ठोके असे वाटून टाकतो की तिन्ही मिळून एकच अखंड वाक्य ऐकू येते. याचे मूळ न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर आहे. ब्रास बँडच्या मागे नाचत चालणाऱ्या लोकांना तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात, आणि त्या मिरवणुकीत मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, तर स्नेअर दुसऱ्याच्या गळ्यात असतो. मॉडेलिस्टने या दोघांचे काम एका बैठकीवर आणले. 'स्ट्रट' म्हणजे डौलात, मिरवत चालणे; नाव किती नेमके आहे पाहा.

मला मात्र सर्वाधिक कौतुक वाटते ते ऑर्गनवर बसलेल्या आर्ट नेव्हिलचे. हा बँडचा म्होरक्या, आणि मुळात गायक. १९५४ मध्ये 'द हॉकेट्स' या बँडच्या 'मार्डी ग्रा माम्बो' या गाण्यात याचाच आवाज होता. असा माणूस इथे गात तर नाहीच, शिवाय ऑर्गनवरही बराच वेळ आधारापुरते सूर धरून राहतो. हा संयम त्यांच्या पेशातून आला असावा, असे मला वाटते. निर्माते अॅलन टूसाँ आणि मार्शल सीहॉर्न यांच्यासाठी ही मंडळी ली डॉर्सीसारख्या गायकांना साथ करीत होती, आणि पुढे गायक डॉक्टर जॉनच्या १९७३ च्या 'राइट प्लेस राँग टाइम' या गाण्यावरही तीच वाजली. ज्यांनी हे वादन ऐकले त्यांतल्या कितीतरी जणांना वादकांची नावे ठाऊक नव्हती.

'सिसी स्ट्रट' मात्र त्यांच्याच नावाने निघाली, जोसी रेकॉर्ड्सतर्फे, आणि बिलबोर्ड नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) लोकप्रियता यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात या बँडने वादन केले, हिप-हॉपच्या निर्मात्यांनी त्यांच्या तबकड्यांतले तुकडे उचलले, आणि जीवनगौरवाचा ग्रॅमी मिळायला २०१८ साल उजाडले. पुढच्याच वर्षी आर्ट नेव्हिल गेला.

मूळ सुरावट नोसेन्टेलीची असे सांगितले जाते, तरी रचनेचे श्रेय नेव्हिल, नोसेन्टेली, पोर्टर आणि मॉडेलिस्ट अशा चौघांच्या नावे आहे. काहींना ही निव्वळ मैत्रीखातर केलेली वाटणी वाटते. मला ते पटत नाही, कारण ती सुरावट कागदावर उतरवली तर दोन-चार ओळींत आटोपते, आणि मॉडेलिस्टचे ठोके काढून घेतले तर ती चालेल, पण मिरवणार नाही.